वजन

मार्केट यार्डात, गुळाचे सौदे निघायच्या आधी,
काट्यावर मी माझी सॅक ठेवली.
अकरा किलो आठशे.
आण्णा चिपाडासारखं कोरडं हसले.
तीस किलोचा रवा बत्तीस वर्षं उचललेला माणूस,
मणक्यांत दोन ठिकाणी गॅप,
आता त्याच अडतीवर रखवालदार.
म्हणाले, 'ओझं उचलल्याचं पैसं मिळत्यात, पोरी.
तू पैसं देऊन उचलतीस व्हय?'

मी काय सांगणार.
तंबू पावणेदोन किलो, म्हटलं.
तीन लिटर पाणी, तांदूळ, डाळ, चार कांदे, बर्नर,
वीस फूट दोरी.
'दोरी कशाला?'
असावी म्हणून.
तेवढं मात्र त्यांना पटलं.

मग त्यांनी सगळी सॅक गोणपाटावर उलटी केली
आणि पुन्हा भरली.
मऊ तळाला, जड पाठीला लागून.
'ओझं अंगाला चिकटून पायजे,
लांब गेलं की तेच तुला वडतंय.
खांद्यावर घेऊ नको, कमरंवर घे.
उचलताना श्वास सोड. धरून ठेवलास की संपलास.'
यातलं निम्मं मी व्हिडिओत बघितलेलं.
तिथं सांगणाऱ्याचे मणके सगळे शाबूत होते.

'येतो,' म्हटलं.
आमच्याकडं पोरीही येतो-जातोच म्हणतात;
पाठमोरं ऐकलं तर बाप कुठला, लेक कुठली, कळत नाही.

गारगोटीची एसटी. पाटगावला चहा.
पुढं रान. पौषातली थंडी,
वाळल्या कारवीच्या काटक्या सॅकवर घासत,
खर्र, खर्र.
प्रत्येक चढाला मी श्वास सोडला.
प्रत्येक चढाला
ट्रकला लावलेल्या, मधोमध लवणाऱ्या एका फळीवरून
कुणीतरी माझ्यापुढं चढत होतं,
मान न वळवता.

धनगरवाड्यावर धुळू झोरेच्या आईनं ताक दिलं.
सॅकचा पट्टा उचलून बघितला, सोडून दिला.
'घर घालून आणलंयस ह्यात?'
'व्हय की.'
'मग माणसं कुठं हायत?'
ताक आंबट होतं. मी अजून एक पेला मागितला.

रांगण्यावर तळ्याच्या वरच्या अंगाला तंबू उभा केला.
एक खुंटी खडकात जाईना.
तेव्हा ती दोरी:
एक टोक तंबूला, दुसरं
कुणा पडक्या भिंतीच्या घडीव दगडाला.
खाली कोकणात नारूरचे दिवे लागले,
सांडलेल्या मोहरीएवढे.
भात करपला. खाल्ला.

रात्री गवा आला.
दिसला नाही. श्वास ऐकला,
ओझं खाली ठेवल्यावर माणूस सोडतो तसा,
एकदा. बऱ्याच वेळानं पुन्हा एकदा.
मी टॉर्च लावला नाही.
कापडापलीकडं टनभर वजन
आणि गवत मोडल्याचाही आवाज नाही.

तो गेल्यावर झोप येईना.
उशाला काही मऊ मिळेल म्हणून तळाशी हात घातला,
तर मोज्यांच्या आत
माझ्या यादीत नसलेलं काहीतरी गोल:
आण्णांची चुंबळ.
जुन्या धोतराची, पिळून पिळून लाकूड झालेली,
मधे डोक्याच्या मापाचा खळगा.
तिला काकवीचा वास होता. घामाचाही असावा.
ती काट्यावर नव्हती चढली.
अकरा किलो आठशे, अधिक किती,
ते मला माहीत नाही.

रविवारी यार्ड रिकामं.
काट्यावर सॅक, नऊ किलो शंभर.
'निम्मं कुठं सांडलास?'
'खाल्लं. प्यालं.'
'आणि ती?'
'डोक्याखाली घेतली.'
ते काहीच बोलले नाहीत.
सॅकचे पट्टे उलटसुलट चाचपले,
शिवण दातानं ओढून बघितली,
आणि मी 'डॉक्टरनी सांगितलंय' म्हणेपर्यंत
श्वास सोडून ती पाठीवर घेतलीसुद्धा.
कमरेचं बक्कल लावता येईना. मी लावलं.

मग चालले,
गाळ्यांच्या कडेकडेनं, लिंबापर्यंत,
लिंबाला एक वळसा घालून परत,
ना हुंडेकरी, ना चिठ्ठी, ना खेपेचा हिशेब,
नुसतेच.
लिंबाखालच्या कुत्र्यानं मान उचलून बघितलं.
काट्यापाशी येऊनही थांबले नाहीत.