जुनी ओळख

फॅरो बेटं, १८४६

गलबत कोपनहेगनहून आलं. त्यात मीठ होतं, दोरखंड,
आणि सुताराच्या हानुसचा ताप.
चौथ्या दिवशी तो अंगभर फुलला.
पंधरवडा गेला,
मग घरामागून घर आडवं झालं,
उतरंड कलंडावी तसं.

मी आठ वर्षांचा. डोळ्यांत वाळू, जिभेवर राख.
आमच्याकडे उन्हाळ्यात धड रात्र होत नाही.
उजेड यायचा आणि टोचायचा.
गोठ्यात गाई हंबरत होत्या, सड तटतटलेले.
बापाला ऐकू येत होतं,
उठता येत नव्हतं.

कडी वाजली.
एल्सपा.
पाद्र्याकडची म्हातारी मोलकरीण, डाव्या कानाने बहिरी.
आम्ही पोरं तिला खडे मारायचो,
डावीकडूनच.

तिने माझा कान दुमडून मागे पाहिलं.
"हं," म्हणाली, "आलास का."
मला नाही. त्याला.
उधारी बुडवून गेलेला पाहुणा
पुन्हा दारात दिसावा तसं.

तिला तो निघाला होता पासष्ट वर्षांपूर्वी,
तिच्या चार भावंडांनाही.
राहिली ती, राहिला एक कान.
"माझी त्याची जुनी ओळख आहे.
मला तो शिवत नाही."

मग नेसूचा वरचा लोकरी परकर सोडून
तिने खिडकीवर टांगला.
अंधार झाला. मेंढीच्या वासाचा, ओलसर,
आयुष्यात मला मिळालेला सर्वांत चांगला अंधार.

बावीस घरं, एक बाई.
धारा काढायची, पाणी पाजायची,
पीट जाळायला आणायची पाठीवरच्या टोपलीत.
मी पावलं ऐकायचो.
उजवं पाऊल जरा घासत यायचं.

एका सकाळी खिडकी उघडी होती.
डोळे आता दुखत नव्हते, म्हणून मी विचारलं नाही.
कातडीचा कोंडा अंथरुणात झडत होता,
मी तो बोटाने गोळा करत बसलो.
पलीकडच्या खाटेवर आई नव्हती.
तेही दुपारी लक्षात आलं.

होड्या पुन्हा सुलट्या झाल्या.
एल्सपाला कुणी काही दिल्याचं आठवत नाही.
मी तिच्या उजव्या बाजूने चालू लागलो, एवढंच.
बोलायला सुचायचं नाही काही.
कडाक्याची थंडी पडली तेव्हा, तिचे पाय पाहून,
एकदा म्हणालो,
"तुझा तो परकर?"

"तुझ्या आईला गुंडाळला," ती म्हणाली,
आणि बादली या हातातून त्या हातात घेतली.