टप्पा चार

नकाशावर टेकडी सपाटच असते.
तपकिरी रेघा जवळ आल्या की चढ,
लांब गेल्या की उतार,
आणि मधून फिरते माझी पेन्सिल, जिला दम लागत नाही.

हे सगळं बर्फाचं काम.
दोन किलोमीटर जाड बर्फ, त्याच्या पोटातून धावणारी नदी,
तिने निवडून पाखडून ठेवलेले गोटे, खडी, रेव, वाळू.
बर्फ गेला, नदी गेली,
हा कणा तेवढा राहिला, हिर्विकांगासच्या पाइनांखाली
वायव्येकडून आग्नेयेकडे पहुडलेला.
उपसायला चोवीस वर्षं पुरतील.
चार टप्पे, प्रत्येकी सहा.

टप्पा एक, पूर्वेची कड.
आधी वरची माती सोलायची, रस्त्याकडेने तिचा बांध घालायचा,
म्हणजे होंकावारांच्या खिडकीत धूळ जाणार नाही
आणि चाळणीचा खडखडाट निम्मा तरी अडेल.
खोदाई भूजलाच्या चार मीटर वर थांबेल.
त्यासाठी नळीत मी स्वतः फीत सोडली होती,
बराच वेळ काही नाही,
मग खालून एवढंसं ‘टुप्’.

टप्पा दोन सुरू झाला की एकचा कडा मोडून
तीनास एक उतार, त्यावर तीच माती, मातीत रोपं.
खड्डा असा पुढे सरकतो,
पुढे उघडत, मागे झाकत,
आखूड पांघरूण ओढणाऱ्या माणसासारखा.

मे महिन्यात पाकोळ्या येतील.
उभ्या ताज्या कड्यात भोकं पाडतील.
तेवढ्या कड्याला ऑगस्ट संपेपर्यंत हात लावायचा नाही.
लोडर चालवणारा यार्क्को म्हणाला,
‘मागच्या खाणीत त्या आमच्याआधी कामावर हजर असायच्या.’
हे अर्जात घातलं नाही.

मालकीणबाई तेल्लेर्वो, वय अठ्ठ्याऐंशी.
चष्मा काढून नकाशावर भिंगासारखा धरला
आणि टप्पा दोनच्या बरोब्बर मधे बोट टेकवलं.
‘इथे हेलु आहे.’
हेलु कोण?
‘घोडी. त्रेपन्न साल, फेब्रुवारी.
ओंडके ओढताना बसली ती उठलीच नाही.
जमीन दगड झालेली. वडील आणि ओइवा,
दोघांनी दोन दिवस जाळ केला, तेव्हा कुठे कुदळ शिरली.’
थोडं थांबून, ‘तिला शेवटी घ्या.’

अर्जात घोडीसाठी रकाना नाही.
प्राचीन अवशेष: नाहीत.
संरक्षित वनस्पती: आढळल्या नाहीत.
रात्री मी दोन आणि चारची अदलाबदल केली.
त्या चौकोनावर लिहिलं, ‘माती साठवण’.
ट्रकचा फेरा एकशे चाळीस मीटरनी वाढला,
दर खेपेला, सहा वर्षं. डिझेलचा हिशेब नवा.
कारण: वाहतुकीची सोय.
(तपासनीस हे वाचून भुवई उंचावेल. उंचावू दे.)

‘चौथा टप्पा दोन हजार चव्वेचाळीस,’ मी सांगितलं.
‘म्हणजे मी एकशे सात,’ ती म्हणाली, हिशेबात पक्की,
‘खणायच्या आधी मला विचारा.’

एक गोष्ट तिला सांगितली नाही.
ही वाळू आंबट आहे.
पाइनच्या सुया, वितळतं बर्फ, सत्तरहून जास्त वर्षं.
इथे हाडं टिकत नाहीत.
फार तर एखादी नाल, तीही गंजाचा डाग होऊन.
बाकी हेलु कधीचीच निघाली आहे,
दाण्यादाण्याच्या फटीतून खाली,
कुणाचा परवाना न घेता,
माझ्या चार मीटरच्या रेघेच्याही पलीकडे.

तेल्लेर्वोने सही केली, मोठी, वळणदार, शाळेतली.
मग कॉफीचं आधण ठेवलं.
‘नळाचं मला चालत नाही,’ म्हणाली,
‘हे आपल्या विहिरीचं.’
विहीर टेकडीच्या पायथ्याशी, नकाशावर निळा ठिपका.

मी दोन कप प्यायले.