बाकावरचे वीस

मार्च सरत आला की सांगलीच्या यार्डात
हवेलाच हळद लागते.
दहाला राजापुरीचा सौदा निघाला
आणि दहा-बाराला माझी स्क्रीन गोठली.
वीसच्या वीस कनेक्शनं बाहेर.
एकविसावी मागणी तीस सेकंद ताटकळली, मेली.
खालून जिनगोंडा मगदूम ओरडतायत,
"भाव दिसंना की वो बाई!"

कोडमध्ये डेटाबेसचा पत्ता नाही, पासवर्ड नाही.
फक्त एक नाव: जेडीबीसी, तिरकी रेघ, सौदा.
ज्या साली पाणी यार्डाच्या पायरीला लागलं
सर्व्हर रातोरात मिरजेला नेला,
पत्ता बदलला. नाव तेच,
माझी एक ओळही हलली नाही.

गेटजवळच्या बाकावर बाबालाल मुकादमांचं असंच.
"तोलाईला एक द्या," एवढंच म्हणायचं.
कोण, कुठला, कुणी विचारत नाही.
दर पोत्याला कवठ्याहून नवा माणूस आणायचा
तर एस्टी, ओळख, बिल्ला,
तोवर सौदा उठलेला.
म्हणून वीस जण सकाळीच बसलेले, तंबाखू मळत.
काम झालं की परत बाकावर.

चारला सापडलं.
भावाच्या दुरुस्तीत काही चुकलं
की कोड मधूनच बाहेर पडायचा,
घेतलेलं कनेक्शन तसंच उघडं.
लिहिणारीचं नाव पाहिलं. माझंच.
दोन वर्षांपूर्वीचं, रात्री पावणेबाराचं.
finally मध्ये एक ओळ घातली: close.
चुकलं तरी, जमलं तरी, परत कर.

सहाला चहाला उतरले
तर बाबालाल बाक मोजत होते.
एकोणीस.
परत मोजले. एकोणीसच.
"शिदू एडके कुठं गेला?"

चौदा नंबरच्या गाळ्यामागं, पोत्यांवर,
अकरापासून.
"काटा बिघडला. मालक मेकॅनिक आणाय गेले.
जा म्हणाले न्हाईत. मग बसलो."
बसल्याची मजुरी नसते.
बाबालाल म्हणाले, "चल."
बाकावरचे सरकले. जागा झाली.

शिदूनं पायजम्यावरची हळद झटकली.
"बाई, तुमचं यंत्र सुरू झालं?"
झालं.
"काय झालतं?"
म्हटलं, कुणीतरी
परत पाठवायला विसरलं होतं.
"हां," तो म्हणाला. "हुतंय तसं."