शेरा

मावळातल्या जुन्या वीजघरात
यादी करायला पाठवलंय मला.
नग एक: पेल्टन चाक, ओतीव पोलाद, वाट्या बावीस.
वाट्या म्हणायच्या,
पण दोन-दोन जुळलेल्या, मधे धार,
पाणी प्यायला वाकलेल्या माणसाची
ओंजळ असते तशा.
एकीच्या काठाला पाण्यानंच चावा घेतलाय.

क्रेनच्या हुकाला वटवाघूळ.
पितळी तबकड्यांचे काटे
शून्याच्या जरा अलीकडे थांबलेत,
शून्यावर एकही नाही.
हे कुठल्या रकान्यात लिहू?

वॉचमन सांगतो, मशीन चालू असलं
की बशीतला चहा थरथरायचा,
आणि बंद पडलं
की चाळीतली तान्ही पोरं दचकून उठायची.

कपाटात लॉगबुकं. वाळवीनं समास खाल्लेत,
आकडे सोडलेत.
तास, व्होल्ट, अँपिअर, धरणाची पातळी,
शेवटी एक अरुंद रकाना: शेरा.
रात्रपाळी, लिंबाजी वाळंज.
अक्षर नांगराच्या तासासारखं, ओळ न सोडणारं.
ठीक. ठीक. ठीक.
पानामागून पान ठीक.
मग एका वैशाखात, रात्री तीनच्या पुढं:
"पातळी फार खाली. पाळीवर येताना आमची विहीर दिसली."

एवढंच.
चारला पुन्हा ठीक.

मी पान उलटत नाही.
याचं गाव ज्या पाण्यात गेलं
त्याच पाण्यावर हा नोकरीला लागला.
याच्या खाचरावरून, चुलीवरून,
गोठ्याच्या दावणीवरून सरकत आलेलं पाणी
नळातून डोंगर उतरून
इथं याच्यासमोर चाकावर आपटायचं,
आणि हा त्याचे आकडे मांडायचा,
तासातासाला, शाईनं.
तारा घाट उतरून जायच्या
गिरण्यांच्या चात्यांकडे.
वरच्या वाडीत मात्र
वॉचमनच्या लग्नातसुद्धा कंदीलच होते.
तारांखाली उभं राहिलं की गुणगुण ऐकू यायची,
त्याची आत्या गुरांना तिथून लवकर हाकायची,
म्हणायची, बुडालेल्यांचं बोलणं ऐकू नये.

निघताना चाकाला हात लावला.
दोघांनी रेटलं तेव्हा पाव फेरा फिरलं,
आणि कुठल्यातरी वाटीतून
घोटभर तांबडं पाणी
माझ्या चपलेवर सांडलं.
पावसाचं असेल, वॉचमन म्हणाला, पत्रा गळतो.
असेल.

माझ्या फॉर्मलाही शेवटी तसाच रकाना आहे.
वजन लिहिलं, धातू लिहिला, साल लिहिलं.
तिथं अजून काही लिहिलेलं नाही.
ठीक तर नाहीच.