मिठाकडची बाजू

दूध संघाने गाडी लिलावात काढली
तेव्हा ह्यांनीच घेतली ती, भंगाराच्या भावावर
थोडे चढवून. सत्तावीस वर्षं हाकलेली.
आत फळ्यांचा पलंग ठोकला, शेगडी बसवली,
माझ्या जुन्या इरकलीचा पडदा.
तासगावात गल्ली म्हणाली,
विंचवाचं बिऱ्हाड पाठीवर,
जोतीराम ड्रायवरचं चाकांवर.

कितीही धुवा, उन्हं चढली की
पत्र्यातून आंबूस दुधाचा वास येतोच.
आणि ह्यांचा पाय. कुठल्याही फाट्यावर
डेअरीची पाटी दिसली की आपसूक ब्रेकवर.
"अहो, कॅन नाहीत आता," मी म्हणते.
"हां," म्हणतात, आणि तरी क्षणभर थांबतातच.

सागरेश्वरला हरणं बघायला गेलो.
बघितल्या त्या चार शेपट्या,
त्याही जाळीत शिरताना.
मायणीच्या तळ्यावर रोहित उतरतात म्हणे.
तळ्यात एक म्हैस होती, तिच्या पाठीवर बगळा.
बांधावरचा म्हातारा म्हणाला,
"तुम्ही पौषात यायला पाहिजे होतं."
मी वहीत लिहिलं: म्हैस एक, बगळा एक.
हे हसून हसून खोकले.
एवढं डिझेल जाळून पुन्हा म्हैसच.

मग घाट उतरून गुहागर.
दोन रात्री गाडी समुद्राकडे कूस करून उभी.
वारा खारा, पत्रा चिकट,
ह्यांनी बोट फिरवून चाटून बघितलं
आणि लहान पोरासारखं तोंड केलं.

परतताना कुंभार्ली चढेस्तोवर अंधारलं.
हेळवाकच्या पुढं, एका बंद टपरीशेजारी
मुक्काम टाकला. पिठलं केलं, जरा करपलं.
झोपलो.

किती वाजले असतील, पलंग हलला.
मग कपबशा. मग खुंटीवरचा कंदील.
"शालन, ऊठ. भूकंप."
कोयनेच्या काठावर हा शब्द
कुणी गंमत म्हणून काढत नाही.
पण भूकंप असा एकाच कुशीला होतो का?
आणि त्याला असा आवाज असतो का,
खर्र... थांबून... खर्र,
सुतारानं घाई नसताना
पॉलिश पेपर मारावा तसा?

पडदा चार बोटं सरकवला.
काचेवर नुसता श्वास होता.
तो ओसरला तेव्हा दिसलं ओलं नाक,
परातीएवढं कपाळ,
आणि खाली चांदण्यात पांढरे मोजे,
शाळेला निघाल्यासारखे, गुडघ्यापर्यंत ओढलेले.

गवा.

ह्यांचा हात उशीखाली चावीकडे गेला.
मी मनगट धरलं.
"मीठ," ते कुजबुजले.
"गोठ्यात ढेकूळ टांगतो ना आपण.
समुद्र चाटतोय तो."

चौदा गावं, दर गावी तीन मिनिटं,
दूध नासू नये म्हणून कधी चौथं नाही.
एवढ्या वर्षांत ही गाडी
कुणासाठी अशी उभी राहिली नव्हती,
त्याचं होईस्तोवर.
माझ्या पायाला मुंग्या आल्या. मी हलले नाही.
पुढं केव्हा तरी टपरीचा पत्रा वाजला,
आणि काळोखातून एक मोठा काळोख
उचलून नेल्यासारखा झाला.

सकाळी बघितलं.
कोकणपासूनच्या धुळीत बरबटलेली बाजू,
आणि मधोमध, संघानं कधी काळी रंगवलेल्या
"शुद्ध व ताजे" मधलं
फक्त "ताजे" लखलखीत.

हे म्हणाले, पुढच्या खेपेला
मिठाचा खडा ठेवू बाहेर.
मी म्हणाले, नको.
चुकून आलं तेवढं ठीक. बोलावणं बरं नाही.
ते गप्प बसले. पटलं असावं.

कराडला गाडी धुवायला लावली.
पाइप धरलेल्या पोराला ह्यांनी थांबवलं,
"एवढी बाजू ऱ्हाऊ दे."
"अर्धीच धुवायची, काका?"
"अर्धीच. पैसे पुरते घे."

तिथनं पुढं एका फाट्यावर डेअरीची पाटी आली.
पाय ब्रेकवर गेला.
या वेळी मी काही बोलले नाही.
तीन मिनिटं उभे होतो.