बुजगावणं

शनिवारी रात्री ठाण्यात दोघंच.
बोइसन फोनपाशी, कारण फोन सोडता येत नाही,
आणि सार्जंट हेस्टर याफ्ता रस्त्यावर.
म्हणजे रस्ते तीन, सार्जंट एक.
कारूच्या माळावरच्या या गावाला तोंडं तीन
आणि प्यायला जागा एकच, स्टेशनमागचं हॉटेल.

फुंकायच्या नळ्या उरल्यात दोन.
मार्चमध्ये मागवल्या होत्या;
आता मेंढ्यांची लोकरसुद्धा कातरून झाली.
रक्त घ्यायचं तर दोन तासांच्या आत,
सुई टोचणारी नर्स नव्वद किलोमीटरवर,
जाऊन येईपर्यंत तिन्ही रस्ते मोकळे.
आभाळच फाटलंय, ठिगळ कुठं कुठं लावायचं,
असं तिने साहेबांना लिहिलं नाही.
लिहिलं: नळ्या पाठवा.

म्हणून ती गाडी उभी करते पुलापाशी,
निळा दिवा फिरता, आत कुणी नाही,
आणि स्वतः टॉर्च घेऊन चालत जाते
धरणाच्या रस्त्याला.
चार शनिवार चाललं हे बुजगावणं.
पाचव्याला पाखरं शहाणी झाली:
बॉनेटवर बिअरची रिकामी बाटली,
तिच्या तोंडात रानफूल खोचलेलं.

आज धरणाच्या रस्त्याला पहिलीच गाडी
फोर्टाइन सरांची.
चौथीत त्यांनीच तिला घड्याळ शिकवलं होतं,
पुठ्ठ्याचे काटे फिरवून.
काच खाली आली. आधी वास, मग सर.
"हेस्टर, किती वाजले सांग बघू?"
अकरा चाळीस.
तिने मनात दोन तास मिळवले, नव्वद किलोमीटर वजा केले.
असलं गणित सरांनी कधी फळ्यावर घातलं नव्हतं.

किल्ली काढून घेतली.
दंडाला धरून पुलापर्यंत चालवत नेलं
आणि बसवलं पोलिसांच्या गाडीत. मागे नाही, पुढे.
डोक्यावर टोपी. तिचीच.

एक वाजेपर्यंत अकरा गाड्या पुलावर हळू झाल्या,
दोन तर वळून परत गेल्या, हॉटेलकडे.
निळ्या उजेडात सर घोरत होते,
मान एकदा इकडे, एकदा तिकडे;
लोकांना वाटलं, नंबर टिपतायत.

तेवढ्यात धरणाच्या रस्त्याने काय काय गेलं
तिला माहीत नाही.
तिसऱ्या रस्त्याचं तर विचारूच नका.

पहाटे सरांनी टोपी काढून गुडघ्यावर ठेवली.
"केस?"
"नळ्या दोनच आहेत, सर."
तिने किल्ली पुढे केली. त्यांनी घेतली नाही.
सोमवारी नेतो म्हणाले, आणि चालू लागले,
पांढऱ्या रेषेवरून, अगदी सरळ.

रजिस्टरात तिने लिहिलं: अटक, शून्य.
बोइसनने मान हलवली.
फोन अजून वाजला नव्हता.