पाणसळ

आल्यापासून जो तो विचारतो,
कसं वाटलं विमानात?
मी सांगतो, कान बंद झाले.
सांगतो, खाली ढग होते.
ढग सांगितले की माणसं समाधानानं चहा पितात.
कुपवाडच्या गेटावर तर सगळ्यांना
भत्त्याचंच पडलेलं, डॉलरात देतात का रुपयात.

सांगत नाही ते एवढंच:

बॅगेत ड्रॉइंगं, शालननं बांधलेले धपाटे,
आणि मोज्यात गुंडाळलेली वीतभर पाणसळ.
बाबालाल शिकलगारांची.
रिटायर होताना माझ्या तळहातावर ठेवून म्हणाले,
साहेब खोटं बोलंल, ड्रॉइंग खोटं बोलंल,
बुडबुडा नाही बोलायचा.
सत्तावीस वर्षं मी त्याच्या शब्दावर
उसाच्या चरकांचे रोलर बसवले,
कागदाएवढी शिम सारत, काढत,
शिरोळपासून कराडपर्यंत.

मुंबईत तपासणीच्या पोरानं ती उजेडात धरली.
ये क्या है?
पाणसळीला हिंदीत काय म्हणतात, येईना.
मी ती त्याच्याच टेबलावर ठेवली.
म्हटलं, साब, आपका टेबल बायीं तरफ झुका है.
तो वाकून बघायला लागला, मागची रांग खोळंबली.

शेजारी नैरोबीचा कापडवाला,
बूट काढून आधीच झोपलेला.
विमान धावायला लागलं तेव्हा
मी मांडीवर पाणसळ लांबीनं धरली.
बुडबुडा पुढच्या टोकाला जाऊन जो चिकटला,
शाळा सुटायच्या वेळी पोरं फाटकाला चिकटतात तसा.
बरोबर आहे, म्हटलं. चढ आहे.

मग वर, समुद्रावर कुठंतरी,
विमान वळलं.
पंख खाली गेला, इतका,
की माझ्या खिडकीत नुसतं काळं पाणी आणि एका बोटीचा दिवा,
पलीकडच्या खिडकीत चांदण्या.
घाईनं फळीवर पाणसळ आडवी टाकली.

बुडबुडा मधोमध.
दोन रेघांच्या मध्ये,
जेवून ओट्यावर बसलेल्या माणसासारखा.
गिलासातलं पाणीसुद्धा हललं नव्हतं.
अख्खी दुनिया कललेली
आणि हा म्हणतोय, सगळं सरळ आहे.

तेव्हा मला घाम फुटला.
बसवलेले सगळे रोलर एकेक करून डोळ्यांपुढनं गेले.
बाबालाल कधी विमानात बसले नव्हते.
मिरजेहून अजमेर, तेवढाच त्यांचा प्रवास, तोही रेल्वेनं.
वळणावर तू काय करतोस,
हे बुडबुड्याला त्यांनी विचारलंच नव्हतं.
मीही नाही.

किसुमूच्या कारखान्यात पहिल्या दिवशी
बेडवर पाणसळ ठेवून मी गप्प उभा राहिलो.
बुडबुडा स्थिरावला. मन नाही.
शेवटी गवंड्यासारखी पाण्याची नळी मागवली.
एक टोक माझ्याकडं, एक ओटिएनोकडं,
मध्ये अठरा फूट लोखंड.
त्यानं त्याच्या भाषेत काहीतरी म्हटलं,
मी माझ्या भाषेत, बरोबर.
दोन्ही टोकांना पाणी एकाच खुणेवर होतं.
अकरा दिवसांत चरक फिरला.

काल रात्री, झोप मोडलेली,
घड्याळ अजून तिकडंच लागलेलं,
मी स्वयंपाकघरात गेलो.
महापुरानं ओढलेली रेघ भिंतीवर आहे अजून,
तीनदा रंग दिला, तिन्हीदा वर आली.
गावभागात घरोघरी तीच रेघ,
कुणाच्या गुडघ्याशी, कुणाच्या माळ्याशी,
जसं ज्याचं जोतं.
तिला पाणसळ लावली.
बुडबुडा मधोमध.

तरी हात काढवेना.
आपण कुठल्या वळणावर तर नाही ना,
कानोसा घेत राहिलो.

शालन दारात आली. म्हणाली, भिंत पडती का काय?
म्हटलं, नाही. सरळ आहे.
दिसतीय तरी सरळ.